डिस्ट्रेस्ड फॉन्ट

मुद्दाम झिजवलेली, टवके उडालेली किंवा शाई अर्धवट उतरल्यासारखी दिसणारी अक्षरे असलेला टंक. तो मथळ्यांसाठी असतो. सलग मजकूर त्यात लावला की वाचणारा दुसऱ्या ओळीतच कंटाळतो. यातला खेळकर प्रकार झिजेवर न थांबता अक्षरांची शिस्तही मोडतो : एखादे अक्षर किंचित कलते, शेजारचे ओळीखाली घसरते, रेघ मध्येच जाड तर मध्येच बारीक होते. गोलाई ढोबळ, टोके बोथट. अशा अक्षरांवर ओरखडेही हलकेफुलके वाटतात. तीच झीज ताठ, अरुंद, ठळक अक्षरांवर चढवली की गुन्हेकथेच्या किंवा युद्धपटाच्या पोस्टरचा भास होऊ लागतो.

छापखान्याच्या लेखी झीज हा दोषच होता. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स याने लाकडी टाइप (छपाईचे अक्षर-ठसे) यंत्राने कोरण्याची पद्धत बसवली आणि जाहिरातींसाठी लागणारी भली मोठी अक्षरे स्वस्त झाली. एवढ्या आकाराचा शिशाचा टाइप जड आणि महाग पडे. लाकूड मात्र वापरून वापरून कडेला ठेचकाळे, शाई सगळीकडे सारखी धरत नसे आणि ठशात पांढरे चट्टे राहत. आज हौसेने फॉन्टमध्ये घातले जाणारे चट्टे मूळचे हेच. झीज विकायची कल्पनाही संगणकाच्या कितीतरी आधीची. शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप ओतशाळेने १८९०च्या दशकात बर्न नॅडल याचा खडबडीत कडांचा टंक बाजारात आणला, तो जुन्या छपाईचा आभास देण्यासाठीच. त्याचे पहिले नाव ‘फिफ्टीन्थ सेंच्युरी’. पुढे ते ‘कॅसलॉन अँटिक’ झाले. अठराव्या शतकातल्या विल्यम कॅसलॉन या इंग्रज टाइपकाराच्या टाइपांशी त्याचा काहीएक संबंध नाही, पण नाव खपले.

संगणकावर या प्रकाराला बहर आला तो १९९०च्या दशकात. डच फॉन्टकार एरिक व्हान ब्लोकलंड यांचा ‘ट्रिक्सी’ (१९९१) हा टंकलेखन यंत्राच्या मळकट ठशांवरून केलेला फॉन्ट ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेमुळे घरोघरी पोचला. त्याआधी त्यांनी व युस्ट व्हान रॉसम यांनी ‘बिओवुल्फ’ केला होता. त्यात छापताना अक्षराची कड दर वेळी नव्याने वेडीवाकडी होई. गंमत म्हणून केलेल्या या प्रयोगाने डिस्ट्रेस्ड फॉन्टच्या खऱ्या दुखण्यावरच बोट ठेवले, असे म्हणायला हरकत नाही.

ते दुखणे म्हणजे पुनरावृत्ती. खऱ्या ठशात एकाच शब्दातली दोन अक्षरे कधीच हुबेहूब सारखी उमटत नाहीत. फॉन्टमध्ये मात्र तेच अक्षर पुन्हा आले की तोच टवका, त्याच जागी, त्याच आकाराचा येतो आणि सोंग उघडे पडते. रोमन लिपीत यावर सोपी युक्ती निघाली : छोट्या लिपीच्या (a, b, c) कळांवरही मोठीच अक्षरे (A, B, C) द्यायची, पण वेगळ्या झिजेची. ओपनटाइप हा फॉन्ट-फाइलचा नवा प्रकार आल्यावर एकेका अक्षराची तीन-चार रूपे ठेवून, शेजारी कोण आहे ते पाहून ती आपोआप पालटण्याची सोय झाली.

देवनागरीत लहानमोठ्या लिपीचा भेदच नसल्याने पहिली युक्ती चालत नाही, आणि जोडाक्षरांसकट प्रत्येक आकाराची अनेक रूपे काढणे हे कंबर मोडणारे काम. त्यात शिरोरेषा. दोन अक्षरांच्या रेषा जिथे भेटतात तिथेच कड कुरतडली तर प्रत्येक सांध्याशी एकसारखी खाच दिसते. म्हणून रेषेची टोके शाबूत ठेवून झीज मधल्या भागात घालणे बरे. शाईचे शिंतोडे त्याहून धोक्याचे. रेषेवर पडलेला एक ठिपका ‘भाग’चा ‘भांग’ करतो, ‘रग’चा ‘रंग’. तेव्हा शिंतोडे अक्षराच्या पोटात किंवा कडेला टाकावेत आणि अनुस्वार ठसठशीत, स्वच्छ राखावा.

फॉन्ट करायची नेहमीची रीत अशी : अक्षरे खडबडीत कागदावर छापायची किंवा झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढायची, स्कॅन करायची आणि त्यांची बाह्यरेषा संगणकाकडून काढून घ्यायची. इथे बिंदूंचा हिशेब आडवा येतो. स्वच्छ अक्षराच्या वळणाला मोजकेच बिंदू पुरतात. कुरतडलेल्या कडेला आणि आतल्या प्रत्येक छिद्राला स्वतंत्र बिंदू लागतात, ते सहज शेकड्यांत जातात. फाइल फुगते, बाह्यरेषेवरून अक्षर रेखाटणारे जुने पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर तर अशा अक्षरांवर अडूनच बसत. जाणकार फॉन्टकार डोळ्यांना न दिसणारे कण निर्दयपणे पुसून टाकतो.

पुस्तकांची मुखपृष्ठे, संगीताचे अल्बम, व्हिडिओ गेमची शीर्षके, वेष्टने, टी-शर्ट या ठिकाणी हा फॉन्ट शोभतो. मुलांच्या पुस्तकांत त्याचा खेळकर अवतार जास्त चालतो. सोबतचा मजकूर साध्या, स्वच्छ टंकात असावा. दोन झिजके फॉन्ट शेजारी आले की दोन्ही वाया जातात. आकार लहान केला की छिद्रे बुजतात आणि अक्षर जुने न दिसता नुसते घाण दिसते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये बारीक छिद्रे शाईने भरून जातात, म्हणून तिथे मोठे टवके असलेला फॉन्ट निवडतात. व्हिनाइल (चिकट प्लास्टिकचा पातळ पत्रा) कापून पाट्या करणाऱ्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये : कटर प्रत्येक कण इमानेइतबारे कापतो, आणि मग ते चिमट्याने एकेक उचकटत बसावे लागते.