वेगळ्या कपाटांतली पुस्तके

वाचनालयातून एका खेपेस तीन पुस्तके आणून ती आलटून-पालटून वाचायला घेतली, की घरातले कुणीतरी हमखास विचारते, "सगळ्यांची खिचडी होत नाही का?" प्रश्न रास्त आहे, मात्र त्याचे उत्तर पुस्तके किती आहेत यापेक्षा ती एकमेकांसारखी किती आहेत यावर अधिक अवलंबून असते.

नंतर शिकलेले आधी शिकलेल्याच्या आठवणीत अडथळा आणते, हे म्युलर आणि पिल्झेकर या जर्मन संशोधकांनी १९०० साली मांडले. हा अडथळा केव्हा वाढतो, ते अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी १९३१ साली तपासले. विशेषणांची एक यादी पाठ करून घेतल्यावर त्यांनी मधल्या वेळात कधी त्याच शब्दांचे समानार्थी, कधी विरुद्धार्थी, कधी असंबद्ध विशेषणे, कधी निरर्थक अक्षरसमूह, तर कधी नुसत्या संख्या शिकायला दिल्या. समानार्थी शब्दांनंतर मूळ यादी सर्वांत कमी आठवली; संख्यांनी सर्वांत कमी नुकसान केले. विरुद्धार्थी शब्दही बरेच बाधले, यात नवल नाही, कारण 'गोड' आणि 'कडू' स्मृतीत शेजारीच नांदतात.

आधीचे नंतरच्यावर कुरघोडी करते, तेव्हाही हाच नियम दिसतो. डेलॉस विकेन्स आणि सहकाऱ्यांच्या १९७६ सालच्या प्रयोगात लागोपाठ फळांचीच नावे लक्षात ठेवणाऱ्यांची आठवण फेरीगणिक खालावत गेली. ज्यांनी आधीच्या फेऱ्यांत भाज्यांची नावे ऐकली होती, त्यांना शेवटची फळे किंचित बरी आठवली, आणि ज्यांनी व्यवसायांची नावे ऐकली होती, त्यांना पुष्कळच चांगली. एकाच खुंटीवर दहा सदरे टांगले की हवा तो हाती लागत नाही, तसे हे आहे.

शब्दांच्या याद्या म्हणजे पुस्तके नव्हेत, हे मान्य. पुस्तकाला स्वतःचे कथन आणि संदर्भ असतात, त्यामुळे तिथला गोंधळ सौम्यच असणार. तरीही दोन रहस्यकथा एकत्र वाचताना मृत्युपत्र नेमके कुठल्या वाड्यातले, असा घोळ होतो. पक्ष्यांवरच्या पुस्तकाशेजारी मराठेशाहीचा इतिहास ठेवला तर होत नाही. वाचनालयात पुस्तके विषयवार लावण्यासाठी ड्युई यांनी १८७६ साली सुरू केलेल्या दशांश वर्गीकरणात आज पक्षी ५९८ वर, पाककला ६४१.५ वर आणि भारताचा इतिहास ९५४ वर येतो. सारखी पुस्तके जवळ ठेवणे हाच त्या मांडणीचा हेतू असल्याने, एकाच फळीवरून तीन पुस्तके उचलणारा वाचक नकळत सर्वांत गोंधळाची निवड करतो.

पुस्तक बदलण्याची किंमत मात्र विषय वेगळे असले तरी मोजावी लागते. अर्धवट सोडलेल्या कामात मन काही काळ रेंगाळते, असे सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवले. ते संशोधन कार्यालयीन कामाच्या संदर्भातले असले, तरी प्रकरण पुरते करून मगच दुसरे पुस्तक उघडण्यास त्यातून चांगले कारण मिळते. एका पुस्तकाकडे दोन दिवसांनी परतण्यात काही बिघडत नाही. अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते, हे एबिंगहाऊस यांनी १८८५ सालीच नोंदवले होते. महिनाभर न उघडलेल्या कादंबरीची पात्रे मात्र पुन्हा ओळख करून घ्यायला लावतात.

पानिपतावरची दोन पुस्तके मुद्दाम समोरासमोर ठेवून वाचणाऱ्या अभ्यासकाला हा गोंधळ पत्करावाच लागतो, कारण त्याला फरकच हुडकायचा असतो. त्याने स्मृतीच्या भरवशावर न राहता शेजारी वही ठेवलेली बरी.