अमेरिकन मोठी सेडान

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुटुंबे, पोलीस खाती, टॅक्सीचालक आणि सरकारी कचेऱ्या यांनी सर्रास वापरलेला चार दारांच्या मोटारींचा एक वर्ग. सु. ५·३ ते ५·९ मी. लांबी, लांबीच्या दिशेने बसवलेले व्ही-८ (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात आठ सिलिंडर असलेले) एंजिन, मागच्या चाकांना मिळणारी गती, आपोआप बदलणारे गिअर आणि पुढची सीटही सलग असल्यामुळे सहा माणसांची होणारी सोय, ही या वर्गाची ठळक लक्षणे होत. शेव्हरोले इम्पाला व कॅप्रिस, फोर्ड एलटीडी व क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस, लिंकन टाउन कार, प्लिमथ फ्युरी आणि कॅडिलॅकची डी व्हिल ही त्यांतील परिचित नावे.

या वर्गाचा आरंभ केव्हा मानावा याविषयी मतभेद आहेत. काही लेखक तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, म्हणजे सु. १९४९ च्या नव्या बांधणीच्या गाड्यांपासून धरतात. काही त्याहून मागे, फोर्डने १९३२ मध्ये सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणलेल्या व्ही-८ एंजिनापर्यंत जातात. या दोन्ही मतांत अडचण अशी, की त्या काळी शेव्हरोले, फोर्ड व प्लिमथ या कंपन्या आपल्या नावाने मुख्यतः एकाच आकाराची सेडान विकत असत आणि तिला ‘मोठी’ म्हणण्याचे कारण नव्हते. १९६० सालच्या मॉडेलांत कॉर्व्हेअर, फाल्कन व व्हॅलिअंट या लहान गाड्या आल्या, १९६२ मध्ये फोर्डने फेअरलेन हे नाव मधल्या आकाराच्या गाडीला दिले, आणि त्यांच्या तुलनेत जुनी नेहमीची गाडी आपोआप मोठी ठरली. आरंभ १९६० च्या आसपास धरणारे हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण ते गाड्यांच्या प्रत्यक्ष विक्रीशी जुळते.

व्याख्येचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था प्रवाशांची जागा व डिकी मिळून १२० घनफूट (सु. ३·४ घ. मी.) किंवा अधिक आकारमान असलेल्या सेडानला मोठी गाडी मानते. इंधनखर्चाची तुलना करताना ही मोजणी सोयीची असली, तरी तिच्या आधारे २००८ ची होंडा अकॉर्डही या वर्गात येते. उलट स्वतंत्र चासी (बॉडीपासून वेगळा, तिला खालून तोलणारा पोलादी सांगाडा) हेच लक्षण कसोशीने लावावे, तर क्रायस्लर कंपनीच्या बहुतेक मोठ्या गाड्या वगळाव्या लागतात. कारण इंपीरियलचा अपवाद सोडून त्या कंपनीने १९६० पासूनच बॉडी व चासी एकसंध करण्याची पद्धत स्वीकारली होती. तेव्हा एंजिनाची मांडणी, मागच्या चाकांची गती व सहा माणसांची बैठक हा समुच्चय निकष मानून, स्वतंत्र चासी हे बहुतांश गाड्यांचे पण अनिवार्य नसलेले लक्षण समजणे योग्य होईल.

चासीच्या रचनेचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण या गाडीची चाल आणि तिचे दीर्घायुष्य या दोहोंचे मूळ बव्हंशी तिथेच आहे. जनरल मोटर्सने १९५७ पासून कॅडिलॅकला व १९५८ पासून शेव्हरोलेला इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकाराची चासी दिली. तीत गाडीच्या कडेने जाणारे पोलादी पट्टे नसल्याने तळ खाली घेता येई, परंतु बाजूने धडक बसल्यास प्रवाशांच्या रक्षणास चासीचा उपयोग होत नसे. १९६५ मध्ये शेव्हरोले व फोर्ड या दोघांनीही कडेची चासी आणली. तिचे दोन मुख्य पट्टे पुढच्या चाकांच्या मागे बाहेर वळून दारांच्या उंबरठ्याखालून जातात, त्यांच्या मधोमध बॉडीचा तळ खोलगट बसतो, आणि बॉडी व चासी यांच्यामध्ये रबराच्या जाड चकत्या असतात. रस्त्याचा हादरा आधी स्प्रिंग, मग चासी व शेवटी या चकत्या शोषून घेतात. म्हणून खराब रस्त्यावरही आत आवाज कमी पोचतो. किरकोळ अपघातात वाकलेली चासी ओढून सरळ करता येते आणि बॉडीचे भाग बोल्ट सोडवून बदलता येतात. पोलीस व टॅक्सी यांच्या कार्यशाळांनी या गाड्यांना वर्षानुवर्षे पसंती दिली, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

आकार मोठा म्हणजे गाडी सुरक्षित, ही समजूत मात्र तपासून घेतली पाहिजे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू यांची समोरासमोर, अर्ध्या रुंदीवर टक्कर घडवून आणली. तीत जुन्या गाडीचा प्रवासी कक्ष चिरडला गेला, तर नवीन गाडीचा बराचसा शाबूत राहिला.

१९६५ हे या वर्गाच्या विक्रीचे शिखर मानले जाते. त्या एका वर्षात एकट्या इम्पालाची विक्री दहा लाखांच्या वर गेली. १९७३ च्या तेलटंचाईने चित्र पालटले. १९७५ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी इंधनखर्चावर बंधन आले, आणि ही सरासरी १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल, तर १९८५ पर्यंत २७·५ मैल व्हावी असे ठरले. जनरल मोटर्सने १९७७ सालची कॅप्रिस आधीच्या सु. ५·६६ मीटरवरून सु. ५·३९ मीटरवर आणली व तिचे वजन पावणेतीनशे किलोग्रॅमच्या आसपास घटवले. तरीही आतली जागा फारशी कमी झाली नाही. अमेरिकन मोटार अभियांत्रिकीतील हे एक उत्तम काम होय. जुन्या गाड्यांच्या अश्वशक्तीचे आकडे वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते. १९७१ पर्यंत कंपन्या सामान्यतः साहाय्यक यंत्रे काढून मोजलेली ढोबळ शक्ती जाहीर करीत आणि १९७२ पासून निव्वळ शक्ती देऊ लागल्या, त्यामुळे त्या दोन वर्षांतील घट दिसते तितकी खरी नाही.

फोर्डने १९७९ च्या मॉडेलांसाठी ‘पँथर’ या नावाची चासी काढली आणि ती २०११ पर्यंत चालली. आज वापरात दिसणाऱ्या मोठ्या सेडानपैकी पुष्कळ या चासीवरील असल्याने पुढील वर्णन मुख्यतः तिला धरून केले आहे. १९९१ सालच्या टाउन कारमध्ये ४·६ लिटरचे नवे व्ही-८ एंजिन आले, १९९८ मध्ये मागच्या अक्षाला बाजूला सरकू न देणारी वॅटची दांडेजोडणी बसवण्यात आली, आणि २००३ मध्ये चासीचा पुढचा भाग नव्याने घडवून जुन्या पद्धतीच्या स्टिअरिंगऐवजी रॅक-पिनियन (दातेरी चक्राने दातेरी पट्टी सरकवून चाके वळवणारे) स्टिअरिंग देण्यात आले. चालवणाऱ्याच्या दृष्टीने या तीन बदलांपैकी शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे.

गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर आणि हँडब्रेकच्या जागी डाव्या पायाने दाबायचा ब्रेक, अशी या गाडीची मांडणी असते. स्टिअरिंग एका बोटाने फिरेल इतके हलके असते आणि एंजिन कमी फेऱ्यांवर जोर देत असल्याने महामार्गावर ते जवळजवळ ऐकू येत नाही. अचानक ब्रेक लावल्यास नाक खाली झुकते, वळणावर बॉडी कलते, आणि गाडी पूर्ण वळवायला सु. १२ मी. व्यासाची जागा लागते. १९५६ च्या कायद्यानंतर उभारलेल्या सरळ, रुंद आंतरराज्य महामार्गांवर दिवसाला शेकडो मैल जाणे हेच या गाडीचे खरे काम होय, आणि ते ती आजही फार चांगले करते. उत्तरेकडील बर्फाळ राज्यांत मागच्या चाकांवर भार कमी पडत असल्याने मालक हिवाळी टायर लावतात आणि डिकीत, शक्यतो अक्षाच्या वर, वाळूच्या पिशव्या ठेवतात.

इंधनखर्च हा मालकीतील उघड खर्च. क्राउन व्हिक्टोरियाचे शेवटच्या वर्षांतील सरकारी मायलेज शहरात लिटरला सु. ७ किमी. व महामार्गावर सु. १० किमी. होते. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चासी गंजते, म्हणून कोरड्या नैर्ऋत्य राज्यांतील गाडीला अधिक भाव येतो. १९९६ ते २००१ च्या अनेक गाड्यांत एंजिनावरील प्लॅस्टिकच्या इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागाला) पुढच्या बाजूस, शीतक पाणी जाते तिथे, तडा जात असे. पुढे तो भाग अ‍ॅल्युमिनियमचा करण्यात आला. टाउन कारच्या मागच्या बाजूस स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. त्या जुन्या झाल्या की रात्रभरात गाडी मागून खाली बसते, आणि पुष्कळ मालक मग साध्या स्प्रिंग घालून घेतात. अशी गाडी जॅकवर उचलण्यापूर्वी डिकीतील हवा-यंत्रणेचे बटण बंद करणे अत्यावश्यक असते, नाहीतर यंत्रणा उंची सावरण्यासाठी पिशव्यांतील हवा सोडते वा भरते. पोलीस खात्यांनी लिलावात काढलेल्या गाड्या हा स्वस्त मालकीचा एक नेहमीचा मार्ग होता. त्या ओळखण्याची खूण म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळखक्रमांकातील ‘पी७१’ ही अक्षरे आणि चालकाच्या बाजूच्या खांबावर शोधदिव्यासाठी पाडलेले, नंतर बुजवलेले भोक. अशा गाडीचे एंजिन तासन्‌तास उभ्या जागी चाललेले असते, म्हणून केवळ किलोमीटर पाहून तिची पारख करू नये.

पँथर गाड्यांची इंधनटाकी मागच्या अक्षाच्या मागे असल्याने वेगवान धडकेत आग लागण्याच्या घटना घडल्या व पोलीस अधिकारी मृत्युमुखी पडले. केंद्रीय वाहतूक सुरक्षा प्रशासनाची चौकशी २००२ मध्ये दोष निश्चित न करता थांबली, परंतु फोर्डने त्याच सुमारास टाकीभोवती संरक्षक पत्रे देण्यास सुरुवात केली आणि पुढे पोलीस गाड्यांसाठी अग्निशामक यंत्रणाही उपलब्ध केली.

या वर्गाच्या ऱ्हासाचे श्रेय कोणी तेलाच्या किमतीला, तर कोणी बदलत्या आवडीला देतात. इंधनखर्चाच्या नियमांत हलक्या ट्रकना मिळालेली सवलत आणि त्यांतील अधिक नफा हे कारण जास्त पटण्याजोगे आहे. जनरल मोटर्सने १९९६ च्या अखेरीस टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे मोठ्या सेडान बांधणे थांबवून तो कारखाना ट्रक व एसयूव्हींसाठी दिला, ही घटना त्याला पोषक ठरते. शेवटची क्राउन व्हिक्टोरिया १५ सप्टेंबर २०११ रोजी ऑन्टॅरिओतील सेंट टॉमस कारखान्यातून बाहेर पडली. क्रायस्लर ३०० व डॉज चार्जर यांची मागच्या चाकांना गती देणारी पिढी कॅनडातच, ब्रॅम्प्टन येथे २०२३ पर्यंत बांधली जात होती.

मुंबईशी या परंपरेचा संबंध वर्गाच्या आधीच्या काळातला आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली, आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ला येथे क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ व डी सोटो गाड्या जुळवल्या. १९५३ च्या सरकारी धोरणानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या निघून गेल्या, आणि प्रीमियरनेही पुढे लहान फियाटवर भर दिला.