श्वान वर्तनतज्ज्ञ

कुत्र्याची भीती, आक्रमकता, एकटे राहताना होणारी घालमेल अशा त्रासांमागचे कारण शोधून ते कमी करणारी व्यक्ती. बोलताना ‘डॉग बिहेवियरिस्ट’ म्हणतात. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ शिकवतो तो ट्रेनर. त्याचे काम वेगळे. भारतात या व्यवसायाला सरकारी परवाना नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. अमेरिकेत १९९३ पासून पशुवैद्यकांसाठी वर्तनशास्त्राची स्वतंत्र विशेषज्ञ मान्यता आहे. औषध लिहून देण्याचा अधिकार मात्र आपल्याकडेही फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे.

पहिल्या भेटीला दीड-दोन तास लागतात. त्याआधी घरच्यांकडून माहिती आणि मोबाइलवरचे व्हिडिओ मागवतात: त्रास कधी सुरू झाला, त्याच्या आधी काय घडते, नंतर घरचे काय करतात, पूर्वी चावला असल्यास किती खोल. त्यानंतर पशुवैद्यकीय तपासणी, आणि ती टाळायची नाही. सात वर्षांचा शांत लॅब्रेडॉर कंबरेला हात लावताच अचानक गुरगुरू लागला, तर आधी खुबा, कान, दात तपासायचे. दुखणे तसेच ठेवून दिलेले शिक्षण वाया जाते.

महाराष्ट्रात नेहमी येणारी तक्रार म्हणजे फटाक्यांची भीती. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फोन येतात, तेव्हा शिकवण्याची वेळ गेलेली असते. गणपतीच्या मिरवणुका त्याआधीच येतात, म्हणून सुरुवात ज्येष्ठ-आषाढात हवी. फटाक्यांचे रेकॉर्डिंग इतक्या हळू लावायचे की कुत्र्याचा कान हलावा, पण खाणे थांबू नये. आवाज आला की लगेच वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. आधी आवाज, मग खाऊ; हा क्रम उलटला तर खाऊ पाहूनच कुत्रा धास्तावतो. रोज पाच-दहा मिनिटे पुरतात. आवाज होताच तो आनंदाने हाताकडे पाहू लागला, आणि असे सलग काही दिवस झाले, की आवाज एक पायरी वाढवायचा. धाप लागली, शेपटी पोटाखाली गेली किंवा तुकडा नाकारला, तर दोन पायऱ्या खाली. स्पीकरमधून सुतळी बॉम्बचा हादरा आणि दारूचा वास येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष दिवशी थोडी भीती उरतेच. त्या दिवशी अंधारापूर्वी फिरवून आणावे, खिडक्या बंद केलेली आतली खोली द्यावी, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असावा. जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे; कुत्रा कुशीत आला तर खुशाल घ्यावा. नुसत्या गुंगीच्या काही औषधांनी अंग सुस्त पडते, भीती तशीच राहते. म्हणून औषध पशुवैद्यकाला विचारूनच आणि आधीच्या शांत दिवशी देऊन पाहिलेले असावे.

भुंकून खाणे मागणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत योजना बहुधा घरातच फसते. सगळे दुर्लक्ष करतात, आजोबा मात्र टेबलाखालून पोळीचा तुकडा देतात. कधीमधी मिळणाऱ्या बक्षिसाने सवय आणखी घट्ट होते. शिवाय भुंकणे कमी होण्यापूर्वी काही दिवस वाढते, आणि नेमके तेव्हाच घरचे हात टेकतात. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे लागते.

गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नये. ओठ चाटणे, मान वळवणे, डोळ्यांच्या कडेचे पांढरे दिसणे, अंग ताठ होणे, गुरगुरणे, मग चावा, असा साधारण क्रम असतो. गुरगुरणे मारून बंद केले तर भीती राहते, इशारा जातो आणि कुत्रा ‘न सांगता’ चावतो. चावऱ्या कुत्र्याला जाळीचे मुसके लागते, ज्यात त्याला तोंड उघडून धापता आणि पाणी पिता येईल. कापडी नळीचे मुसके दवाखान्यात दोन-चार मिनिटांपुरतेच. सवयीसाठी मुसक्याच्या आत दही लावून कुत्र्याला स्वतःहून तोंड घालू द्यावे. पट्टा बांधायची घाई केली की दुसऱ्या दिवशी तो मुसके पाहताच पलंगाखाली शिरतो.