उष्णतामापन

रासायनिक अभिक्रियेत किंवा भौतिक बदलात किती उष्णता बाहेर पडली अथवा शोषली गेली हे ठरवण्याची पद्धत म्हणजे उष्णतामापन. त्यासाठीचे उपकरण म्हणजे कॅलरीमापी. उष्णता थेट मोजता येत नाही. ती कशावर तरी सोडायची, पाणी किती तापले किंवा बर्फ किती वितळला ते पाहायचे आणि उलटा हिशेब मांडायचा. त्यामुळे या कामातली निम्मी हुशारी उष्णता इकडेतिकडे निसटू न देण्यात आहे.

लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1782-83च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये वापरलेल्या बर्फाच्या कॅलरीमापीत एकात एक तीन कप्पे होते. आत नमुना, त्याभोवती बर्फ आणि बाहेर पुन्हा बर्फ. बाहेरच्या थराने खोलीची ऊब अडवायची; मोजायचे ते फक्त मधल्या थरातून ठिबकलेले पाणी. आतल्या कप्प्यात त्यांनी गिनिपिगही ठेवला. त्याने वितळवलेला बर्फ आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची सांगड घालून श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे, असे त्यांनी मांडले. बर्फाच्या खड्यांना थोडे पाणी चिकटून राही आणि तेवढी मापात चूक येई, ही या उपकरणाची खोड.

शाळा-महाविद्यालयात थर्माकोलचा पेला पुरतो. त्यात 1 मोलर (लिटरमागे एक मोल, म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या) हायड्रोक्लोरिक आम्ल 50 मिली घ्यायचे, तितक्याच तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण 50 मिली ओतायचे आणि ढवळत राहायचे. एक ग्रॅम पाणी 1 अंशाने तापायला 4.18 जूल लागतात आणि प्रबल आम्ल-आम्लारीच्या उदासिनीकरणात मोलमागे सुमारे 57 किलोजूल सुटतात. इथे मोलचा विसावा भागच आहे आणि तापायचे ते सुमारे 100 ग्रॅम द्रावण, म्हणजे पारा 6.8 अंश चढायला हवा. प्रत्यक्षात तो बहुधा थोडा आधीच थबकतो, कारण पेला, तापमापी आणि वरची हवा आपापला वाटा घेतात.

ज्वलनासाठी बॉम्ब कॅलरीमापी लागतो. नाव दचकवणारे असले तरी तो जाड पोलादाचा बंद डबा असतो. त्यात साधारण ग्रॅमभर नमुना आणि सुमारे 30 वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरून डबा पाण्यात बुडवतात आणि विजेच्या तारेने ठिणगी देतात. डबा, पाणी, ढवळणी मिळून किती उष्णता पितात हे आधी बेंझोइक आम्ल जाळून ठरवतात. ते ग्रॅममागे सुमारे 26.4 किलोजूल देते. आकारमान स्थिर असल्याने इथे मिळतो तो आंतरिक ऊर्जेतील बदल. एन्थाल्पीतील बदल, म्हणजे स्थिर दाबाखालचा उष्णताबदल, हवा असेल तर वायूंच्या मोलसंख्येतील फरकाची दुरुस्ती करावी लागते.

औष्णिक वीज केंद्रांत कोळशाचे उष्मांक मूल्य, म्हणजे ठरावीक वजनाचा कोळसा जळून मिळणारी उष्णता, याच उपकरणाने काढतात. भारतात कोळशाची जी-1 ते जी-17 ही प्रतवारी त्यावरच बेतलेली आहे, त्यामुळे कोळशाचा भावही या डब्याशी बांधलेला असतो.

काही अभिक्रिया मात्र कुठल्याच भांड्यात नीट मोजता येत नाहीत. कार्बन जाळून निव्वळ कार्बन मोनॉक्साइड मिळवणे जवळजवळ अशक्य. तिथे हेसचा 1840चा नियम कामी येतो: वाट कुठलीही धरा, एकूण उष्णताबदल तोच. कार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड वेगवेगळे जाळून वजाबाकी केली, की मोलमागे सुमारे 110 किलोजूल हे उत्तर हाती येते.