गेटवर डिस्नी, सातबाऱ्यावर कोण?

"डिस्नीवाले जपानमध्ये पैसा ओततात आणि अमेरिकेत कंजूषपणा करतात, म्हणून टोकियोचं डिस्नी जगात भारी." हे वाक्य थोड्याफार फरकाने इतक्यांदा वाचलंय की आता दिसलं की हात शिवशिवतात. टोकियोचं भारी आहे हे मान्य. बाकीचं साफ चूक, कारण टोकियोत डिस्नीने पैसा ओतलेलाच नाही. ते पार्क डिस्नीचं नाहीच मुळी.

मुख्य विषयाआधी एक छोटा गोंधळ उरकून टाकतो. अम्युझमेंट पार्क म्हणजे राइड्सचा जमाव, थीम पार्क म्हणजे राइड्सना गोष्ट, काळ, जागा यांचं आवरण घातलेलं. एस्सेलवर्ल्ड पहिल्या प्रकारचं होतं, इमॅजिका दुसऱ्या. मध्ये भरपूर करडा पट्टा आहे आणि त्यावर भांडण्यात काही अर्थ नाही. संपलं.

खरा घोळ होतो तो ब्रँडचा मालक आणि पार्कचा मालक या दोघांत. गेटवर ज्याचं नाव आहे तोच आतला खर्च करतो असं आपण गृहीत धरतो. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडामध्ये ते खरंही आहे, ती पार्कं डिस्नीची स्वतःची, त्याबद्दल तुम्हाला सगळं माहीतच असेल. पॅरिस १९९२ मध्ये उघडलं तेव्हा डिस्नीकडे ४९ टक्के होते, बाकी शेअर बाजारात, पुढे बरीच वर्षं कर्जाची रड आणि शेवटी २०१७ मध्ये डिस्नीने जवळजवळ सगळंच स्वतःकडे घेतलं. हाँगकाँगमध्ये मोठा हिस्सा तिथल्या सरकारचा. शांघायमध्ये ५७ टक्के तिथल्या सरकारी कंपनीचे आणि ४३ डिस्नीचे. आणि टोकियोत डिस्नीचा हिस्सा शून्य.

टोकियोचा मालक म्हणजे ओरिएंटल लँड कंपनी. १९६० मध्ये केइसेई रेल्वे आणि मित्सुई फुदोसान या बांधकामवाल्यांनी मिळून काढलेली, टोकियोजवळच्या उरायासूला समुद्रात भर टाकून जमीन तयार करायची आणि तिथे काहीतरी करमणुकीचं उभं करायचं म्हणून. १९७९ मध्ये डिस्नीशी करार झाला. त्या वेळी डिस्नीचे हात फ्लोरिडातल्या एपकॉट या नव्या पार्कमध्ये अडकलेले, परदेशात जोखीम घ्यायची इच्छा नव्हती, त्यामुळे अट अशी ठरली की पैसा सगळा जपान्यांचा, डिझाइन डिस्नीचं, आणि डिस्नीला रॉयल्टी. तिकिटांच्या उत्पन्नावर १० टक्के आणि खाणंपिणं व वस्तूंच्या विक्रीवर ५ टक्के, असे आकडे सगळीकडे छापून आलेत. १५ एप्रिल १९८३ ला पार्क उघडलं, धो धो चाललं, आणि नफा दुसऱ्याच्या खिशात जातोय हे बघून डिस्नीच्या लोकांना पुढे हळहळ वाटली. पॅरिसमध्ये त्यांनी मालकीत वाटा घेतला तो याच हळहळीतून, आणि तिथे कसे पोळले ते वर आलंच.

आता इथे जरा थांबा, कारण सगळी गंमत इथे आहे. रॉयल्टी उत्पन्नावर आहे, नफ्यावर नाही. वाट्याने दिलेल्या जमिनीसारखं आहे हे: बी-खताचा खर्च कसणाऱ्याचा आणि पिकात जमीनमालकाचा वाटा ठरलेला, मग "खत टाक, अजून टाक" म्हणायला त्या जमीनमालकाच्या बापाचं काय जातंय? डिस्नीची डिझाइनवाली शाखा, जिला ते इमॅजिनिअरिंग म्हणतात, टोकियोसाठी काम करते तेव्हा ती हेच करते. खडक खरा वाटायला हवा, कंदिलाचं काम हाताने व्हायला हवं, जहाज पूर्ण आकाराचं हवं, सगळं कागदावर काढा, बिल ओरिएंटल लँडकडे. आणि तेच डिझाइनर अमेरिकेत तेच कागदावर काढतात तेव्हा बिल स्वतःच्याच कंपनीच्या वरच्या मजल्यावर जातं, जिथे सिनेमे आणि टीव्ही चॅनेलंही त्याच पैशाच्या रांगेत उभी आहेत आणि दर तीन महिन्यांनी शेअरवाल्यांना आकडे दाखवायचेत. माणसं तीच, कौशल्य तेच. चेकवर सही कोणाची एवढाच फरक.

पुरावा पाहिजे तर २००१ साल बघा, यापेक्षा चांगला नमुना कोणी मुद्दाम ठरवून केला नसता. ८ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात डिस्नीलँडच्या जुन्या पार्किंगच्या जागेवर डिस्नीने स्वतःच्या पैशाने दुसरं पार्क उघडलं, कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर. ४ सप्टेंबरला उरायासूत टोकियोचं दुसरं पार्क, डिस्नीसी उघडलं, ओरिएंटल लँडच्या पैशाने. तीच कंपनी डिझाइन करणारी, तेच साल. कॅलिफोर्नियातल्यावर सुमारे ६० कोटी डॉलर खर्च झाले. डिस्नीसीवर हॉटेल वगैरे धरून ३०० अब्ज येनच्या वर, म्हणजे तेव्हाच्या दराने अडीच अब्ज डॉलरपेक्षा जास्त. एकीकडे मधोमध ज्वालामुखी, इटालियन बंदर ज्याच्या इमारतींमध्येच हॉटेल बसवलंय, धक्क्याला लागलेलं मोठं थोरलं जहाज. दुसरीकडे कॅटलॉगमधून उचलल्यासारख्या जत्रेतल्या राइड्स, आणि थीम काय तर कॅलिफोर्निया. कॅलिफोर्नियात आलेल्या माणसाला कॅलिफोर्निया दाखवायचा, तोही तिकीट लावून! सुपरस्टार लिमो नावाची राइड तर वर्षभरही टिकली नाही, जानेवारी २००२ मध्ये बंद. शेवटी २००७ मध्ये १.१ अब्ज डॉलरची दुरुस्ती जाहीर झाली, म्हणजे मूळ खर्चाच्या जवळजवळ दुप्पट, आणि २०१२ मध्ये कुठे ते पार्क धड दिसायला लागलं.

आणि खरं डोकं फिरवणारी गोष्ट पुढेच आहे. डिस्नीसी ही कल्पना मुळात कॅलिफोर्नियासाठीच होती! लाँग बीचला समुद्राकाठी असं पार्क काढायचा डिस्नीचा बेत होता, तो १९९१ मध्ये गुंडाळला. स्वतःच्या पैशाने जे परवडलं नाही ते दहा वर्षांनी दुसऱ्याच्या पैशाने उभं राहिलं. त्यामुळे "अमेरिकन डिझाइनरना जपान्यांसारखी सौंदर्यदृष्टी नाही" टाइपचं काही कोणी बोललं की मला हसू येतं.

अजून बारीक उदाहरण पाहिजे तर टॉवर ऑफ टेररचं घ्या. कॅलिफोर्नियात ती राइड २००४ ला आली, डिस्नीसीत २००६ ला. खाली पडणारी लिफ्टची यंत्रणा दोन्हीकडे तीच, तीन शाफ्टवाली. पण अमेरिकेतली गोष्ट ज्या टीव्ही मालिकेवर बेतलेली ती जपानमध्ये कोणाला फारशी माहीत नव्हती, म्हणून टोकियोसाठी नवीन गोष्ट लिहिली: जगभरातून मूर्ती आणि वस्तू लुटून आणणारा एक हॉटेलमालक आणि त्याला शापणारी एक छोटी मूर्ती. आणि त्या गोष्टीसाठी इमारत, दालनं, नुसत्या लुटीच्या वस्तूंनी भरलेली खोली, सगळं वेगळं बांधलं. कॅलिफोर्नियातली राइड २०१७ मध्ये बदलेपर्यंत लिफ्ट दोन्हीकडे तशीच पडायची, पण रांगेत उभं राहायला टोकियोतच मजा येते, आणि माझ्या मते थीम पार्कची परीक्षा रांगेतच होते. राइड दोन मिनिटांची असते हो, उरलेला तासभर तुम्ही भिंती बघत असता.

मग लायसन्सचं पार्क म्हणजे आपोआप भारी, असं समजू नका. इथे लोक दुसऱ्या टोकाला जाऊन पडतात. लायसन्समध्ये नक्की काय विकलंय ते बघायला लागतं. टोकियोच्या करारात नावाबरोबर डिझाइन येतं, दर्जाच्या अटी येतात. दुसरा प्रकार म्हणजे नुसती पात्रं आणि चित्रं वापरायची परवानगी. बॅटमॅन आणि बग्ज बनी वॉर्नर ब्रदर्सचे. अमेरिकेत सिक्स फ्लॅग्ज नावाची पार्कांची साखळी ही पात्रं लायसन्सवर वापरते आणि अबू धाबीत यास बेटावर मिराल नावाची कंपनी २०१८ पासून वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड चालवते. दोन्ही ठिकाणी वॉर्नर मालक नाही. पण अबू धाबीत छताखाली बॅटमॅनचं अख्खं गॉथम शहर उभं केलंय, आणि सिक्स फ्लॅग्जमध्ये बऱ्याचदा रोलर कोस्टरला रंग मारून वर सुपरहिरोचं नाव टाकलं की झालं थीमिंग. गंमत म्हणजे १९९२ मध्ये शिकागोजवळ पहिली बॅटमॅन राइड आली तेव्हा रांगेचा रस्ता गॉथममधून नेला होता, मोडलेली पोलीस गाडी वगैरे ठेवून. त्या काळात टाइम वॉर्नरचा सिक्स फ्लॅग्जमध्ये हिस्सा होता. १९९८ मध्ये कंपनी प्रीमियर पार्क्स या दुसऱ्या पार्कवाल्या कंपनीकडे गेली, कोस्टरवर कोस्टर उभे राहिले, कर्ज वाढत गेलं आणि २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. कर्जात बुडालेला मालक पहिली कात्री कशाला लावतो? ज्याच्यावाचून राइड चालू शकते त्याला. म्हणजे थीमिंगलाच.

मालक बदलला की काय होतं त्याचं सगळ्यात केविलवाणं उदाहरण पॅरामाउंटच्या पार्कांचं. किंग्ज आयलंड वगैरे पाच पार्कं २००६ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या मालकाने, म्हणजे सीबीएसने, सीडर फेअरला विकली. सीडर फेअर म्हणजे कोस्टरवाले, त्यात मास्टर, पण सिनेमाच्या नावांसाठी पैसे मोजत बसायची त्यांना हौस नव्हती. मग टॉप गनचं झालं फ्लाइट डेक, टॉम्ब रेडरचं झालं द क्रिप्ट. नाव गेलं ते गेलं, हळूहळू संगीत गेलं, आगीचे आणि धुराचे इफेक्ट गेले, आणि उरली ती गोष्ट हरवलेली मशीन. लहान मुलांचा विभाग निकेलोडियनचा होता, तो २०१० मध्ये स्नूपीचा केला, कारण स्नूपीचं लायसन्स सीडर फेअरकडे आधीच होतं. राइड्स त्याच, रंग नवीन. पोरांना काही फरक पडला नाही म्हणा, पण मला पडतो.

आता आपल्या लोकांच्या कामाचं. सिंगापूरच्या टूरमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओज हमखास असतं आणि परत आलेला प्रत्येक जण म्हणतो, "छान आहे, पण केवढंसं!" ते युनिव्हर्सलच्या मालकीचं नाही, गेंटिंगचं आहे, म्हणजे ज्यांचा शेजारीच कसिनो आहे ते. कसिनोचं लायसन्स मिळवायच्या स्पर्धेत सहकुटुंब पर्यटकांसाठी काहीतरी मोठं दाखवणं भाग होतं, त्यातून २०१० मध्ये ते पार्क आलं. मोठ्या रिसॉर्टचा तो एक भाग आहे, त्यामुळे जागा बेतास बात आणि नवीन विभागांची घाई नाही. मिनियन लँड उघडायला २०२५ साल उजाडलं. याउलट ओसाकाचं युनिव्हर्सल बघा, तिथे युनिव्हर्सलची मालक कंपनी कॉमकास्टने २०१५ मध्ये ५१ टक्के आणि २०१७ मध्ये उरलेला हिस्सा घेतला आणि २०२१ मध्ये निन्टेन्डोचा पहिला विभाग तिथेच उघडला. म्हणजे डिस्नीच्या बाबतीत लायसन्सवाला जिंकला आणि युनिव्हर्सलच्या बाबतीत मालक. कारण बघायचं असतं ते मालकाचं पोट कशावर भरतं हे. ओरिएंटल लँडचं सगळं पोट उरायासूच्या त्या एका जागेवर आहे, दुसरीकडे पळायला वाव नाही. गेंटिंगचं तसं नाही.

ओरिएंटल लँडला संत समजायचंही कारण नाही. त्यांनी तिकिटाचे दर दिवसाप्रमाणे बदलते केले, २०२३ मध्ये महागड्या दिवशीचा मोठ्या माणसाचा दर १०,९०० येनवर नेला, आणि रांग टाळायला वेगळे पैसे. पण २०२४ च्या जूनमध्ये डिस्नीसीत फॅन्टसी स्प्रिंग्ज हा नवा विभाग उघडला त्यावर त्यांनी पुन्हा ३०० अब्ज येनच्या वर लावले. घेतात तसे लावतातही.

इमॅजिकाबद्दल बोललं की लगेच दोन तट पडतात म्हणून थोडक्यात. २०१३ मध्ये मनमोहन शेट्टींनी खोपोलीला ते काढलं तेव्हा बाहेरचा मोठा ब्रँड घेतला नाही, बरीचशी पात्रं घरचीच, आणि थीमिंग खरोखर मनापासून केलेलं होतं. अडचण कर्जाची होती, व्याज भरता भरता कंपनी टेकीला आली आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ती घेतली. तेव्हा "आता वॉटर पार्कवाले आले, थीमची वाट लागणार" अशी ओरड झाली. मालपाणींचं शिर्डीत साई तीर्थ आहे, तेही थीम पार्कच आहे, तेव्हा त्यांना थीम कळत नाही हे म्हणणं चुकीचं. माझा प्रश्न वेगळाय: नवीन मालक तिकिटाचा पैसा नवीन राइडवर लावतो की जुन्या राइडमधल्या बंद पडलेल्या पुतळ्याची मोटर बदलण्यावर. पहिल्याची जाहिरात करता येते, दुसऱ्याची नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा बंद दालनातल्या राइडमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यातले पुतळे हलतायत का ते बघा, मालकाची परिस्थिती तिथे कळते.

आणि हो, मे २०२५ मध्ये अबू धाबीचं डिस्नीलँड जाहीर झालं, तेव्हा आखातातल्या मराठी मंडळींनी "डिस्नी आपल्या दारात बांधतंय" म्हणून मेसेज फिरवले. बांधणार मिराल आहे, पैसाही मिरालचा, डिस्नी डिझाइन करणार आणि रॉयल्टी घेणार. म्हणजे टोकियोचाच नमुना, आणि मिरालने वॉर्नरच्या पार्कात हात आखडता घेतला नव्हता. मी तर आशेवर आहे.