मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा: चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया आणि पुनर्रचना

मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा, थोडक्यात एमएसी, हा त्वचेचा एक दुर्मिळ कॅन्सर. १९८२ मध्ये त्याचं वेगळा आजार म्हणून वर्णन झालं. बहुतेकदा चेहऱ्यावरच होतो, त्यातही वरचा ओठ आणि नाकाच्या आजूबाजूला जास्त. दिसायला साधा असतो, कातडीच्याच रंगाचा नाहीतर पिवळसर कडक चट्टा, दुखत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू पसरतो, म्हणून जुना व्रण समजून सोडून दिला जातो. पण तिथे बधीर वाटत असेल किंवा मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना नक्की सांगावं, कारण हा मज्जातंतूंच्या कडेकडेने आत शिरतो. बायोप्सीचा तुकडा वरवरचा घेतला तर साधी घामग्रंथीची गाठ असा रिपोर्ट येऊ शकतो, तुकडा खोलच हवा.

खरी अडचण अशी की डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा तो आत कितीतरी जास्त पसरलेला असतो, त्यामुळे अंदाजाने आजूबाजूची थोडी कातडी धरून कापला तरी मागे राहून परत येतो. म्हणून शक्य असेल तिथे मोह्स सर्जरी करतात. ही पद्धत फ्रेडरिक मोह्स या अमेरिकन सर्जनने १९३० च्या दशकात सुरू केली. भूल फक्त त्या जागेपुरती, एक पातळ थर काढायचा, त्याची सगळी कड आणि तळ मायक्रोस्कोपखाली बघायचा, जिथे कॅन्सर दिसेल तेवढ्याच ठिकाणी पुढचा थर घ्यायचा, असं सगळं क्लिअर होईपर्यंत. शेवटी पडलेला खड्डा मूळ चट्ट्याच्या कितीतरी पट मोठा निघू शकतो, आणि पेशंटला हे आधीच नीट सांगून ठेवलं पाहिजे, आरशात अचानक बघायला लागू नये.

मार्जिन क्लिअर झाल्याशिवाय, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर उरला नाही हे दिसल्याशिवाय, पुनर्रचना करू नये, नाहीतर उरलेला कॅन्सर नव्या कातडीखाली झाकला जातो. ओठाचा साधारण एक तृतीयांश भाग गेला असेल तर कडा जोडून सरळ टाके घालता येतात. वरच्या ओठाचा त्याहून जास्त गेला तर ॲबे फ्लॅप, म्हणजे खालच्या ओठाचा तुकडा रक्तवाहिनीसकट वर फिरवून शिवतात आणि दोन्ही ओठांना जोडणारा मधला देठ दोन-तीन आठवड्यांनी कापतात, तोवर तोंड पूर्ण उघडत नाही, खाणं पातळच. नाकासाठी कपाळाचा फ्लॅप, म्हणजे तसाच रक्तपुरवठ्यासकट वळवलेला कातडीचा तुकडा, वापरतात, गालावर बहुतेक वेळा शेजारचीच कातडी सरकवून भागतं.

शरीरात दुसरीकडे हा क्वचितच पसरतो, पण त्याच जागी खूप वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून तपासणी आयुष्यभर चालू ठेवतात.