सतरा (१७)

सतरा ही सातवी मूळ संख्या. २, ३, ५ आणि ७ या पहिल्या चार मूळ संख्यांची बेरीज १७ येते. लागोपाठच्या चार मूळ संख्यांची बेरीज स्वतः मूळ निघण्याचे हे एकमेव उदाहरण. कारण दोन सोडले तर बाकीच्या सगळ्या विषम, आणि चार विषम संख्यांची बेरीज समच यायची. दोनाचा चौथा घात अधिक एक अशीही ती मांडता येते, म्हणून तिची गणना फ्रेंच गणिती फर्मा याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ संख्यांत होते. नियमित सतराकोन नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो, हे कार्ल फ्रीड्रिख गाऊसने १७९६ मध्ये सिद्ध केले तेव्हा तो एकोणीस वर्षांचाही नव्हता.

एकाला सतराने भागले तर ०.०५८८२३५२९४११७६४७ असे सोळा अंक येतात आणि पुन्हा तेच सुरू होतात. आहेराच्या ५१ रुपयांतही सतरा लपलेला आहे. दिसायला अभंग वाटणारा हा आकडा सतरा त्रिक एक्कावन, तिघांत सरळ वाटून जातो. आहेरातल्या ११ आणि १०१ ची मात्र खरोखरच वाटणी होत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सतराला आणखी एक ओळख आहे. भाषावार प्रांतरचनेत बेळगावसह मराठी मुलूख म्हैसूर राज्यात घालण्याच्या निर्णयाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि १७ जानेवारी १९५६ रोजी पोलिसांच्या गोळीबारात आंदोलकांचे बळी गेले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातले मराठी भाषक १ नोव्हेंबर काळा दिन म्हणून आणि १७ जानेवारी हुतात्मा दिन म्हणून पाळतात. बेळगावच्या हुतात्मा चौकात त्या सकाळी अभिवादन होते. इथे जानेवारी लागला की ‘सतरा तारीख’ एवढे म्हटले तरी पुरते.

एरवी बोलण्यात सतरा म्हणजे पसारा, नुसती कटकट. सतरा भानगडी, सतरा वेळा सांगितलं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ‘सतरा लुगडी तरी भागूबाई उघडी’ हे तर ठेवणीतले. वैदिक परंपरेत मात्र या संख्येचा मान मोठा: प्रजापती सप्तदश, म्हणजे सतरा अंगांचा, मानला जातो आणि वाजपेय यज्ञात स्तोत्रे सतरा, शर्यतीचे रथही सतरा. वेदान्तात सूक्ष्म शरीराची अंगे तेवढीच धरतात: पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी.